दगडातला चुडा

“हा हात कुणाचा?”

“सतीचा,” सिदोजी म्हणाला. छिन्नी त्याने खाली ठेवली नाही. कौतुक ऐकायचं असलं की तो ती अशीच मुठीत धरून राहायचा.

“नाव विचारलं मी.”

“...म्हाळसावहिनींचा. पाटलांच्या बायकोचा.”

नरसू पाथरवट दगडासमोर उकिडवा बसला. कोपरातून ताठ उभा राहिलेला हात, मनगटावर भरलेला चुडा, वर चंद्रसूर्य. असले अकरा दगड त्याने उमेदीत घडवले होते आणि अकराही वेळा गावाकडून धोतरजोडी घेतली होती. हा बारावा चेल्याचा, आणि सगळ्यांत देखणा. म्हाताऱ्याला तेच झोंबतंय, असं सिदोजीला वाटलं.

बाकी मुलखात बाई आधी जळायची, दगड मागून बसायचा. या गावची रीत उलटी. आधी दगड पारावर मांडायचा, बाईने त्याच्या तळव्याला कुंकू लावायचं आणि मग स्मशानाकडे निघायचं. रीत कुणी पाडली म्हणून विचारलं, तर वडीलधारे आभाळाकडे बोट दाखवत. गावचे वडीलधारे म्हणजे तरी काय... दुसऱ्याच्या चितेवर हात शेकायचे आणि धुराला पुण्य म्हणायचं.

पाटील अजून मेला नव्हता. घरघर लागून तीन दिवस झाले होते. पोटी मूल नाही. मागे वहिनी उरली नाही की वतन आपलं, म्हणून धाकट्या भावाने, राणोजीने, दुखणं सुरू होताच दगड घडवायला टाकला होता.

“माप कुठलं?”

“नदीवर गाठलं त्यांना. म्हटलं, देवीची मूर्ती करतोय, हात मोजू द्या. सुतळीने घेतलं. मनगट, कोपर, बोटंसुद्धा.” सिदोजी हसला. “तुमच्यासारखा नुसता बांगड्यांचा खांब नाही केला बाबा. बघणाऱ्याला ओळख पटली पाहिजे.”

“पटली?”

“अख्ख्या गावाला! बायका ओट्या घेऊन आल्या. आत्तापासून नवस बोलतायत तिच्या नावाने.”

“आणि ती?”

सिदोजीने छिन्नी खाली ठेवली.

“आली होती. सकाळी, एकटीच. दगडाला हात लावून पाहिला. बोटाला बोट जुळलं.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली... माहेरहून माझा भाऊ आलाय, ओढ्यापलीकडे घोडं घेऊन उभा आहे. मी पळून जाणार होते. पण माझा हात तर इथे आधीच येऊन थांबलाय. आता उरलेलं अंग घेऊन कुठे जाऊ?”

“मग तू काय म्हणालास?”

“मी काय म्हणणार? पाया पडलो.”

म्हाताऱ्याने डोळे मिटले.

सिदोजी भडकला. “असं तोंड करू नका! अकरा कुणी केले? घडवणाऱ्याने घडवावं, पुढचं विचारू नये, हे कुणी शिकवलं मला? तुमचे ते हात बघतच ती सासरी नांदली ना?”

“हो.”

“नुसतं हो?”

“हो.”

तेवढ्यात पाटलाच्या दारात रडारड उठली. मागोमाग हलगी वाजली. पाटील गेला.

नरसूने छिन्नी उचलली. धार पहिल्या बांगडीला लावली आणि हातोडा घातला.

“बाबा! जीव घेतील आपला!”

दुसरी बांगडी उडाली. तिसरी. म्हातारा घाई करत नव्हता. मनगटाला ओरखडा न पडू देता एकेक बांगडी काढत होता. शेवटची कपची खाली पडली, तेव्हा दगडावर उरला होता तो मोकळा हात. नवरा गेला, आणि मागे जिवंत राहिली, अशा बाईचा.

दगड न्यायला आलेले चौघे दारातच थिजले. पुढे राणोजी.

“थेरड्या... हे काय केलंस?”

“दुरुस्त केला.”

“सिदू, दुसरा घडव! आत्ताच्या आत्ता!”

सिदोजीने दगडाकडे पाहिलं. सुतळी अजून त्याच्या कमरेलाच खोचलेली होती. “पाच दिवस लागतील,” तो पुटपुटला. “आणि... मी घडवणार नाही.”

“धरा रे! दोघांचेही हात ठेचा!”

चौघे आत शिरले. नरसूने आपणहून उजवा पंजा दगडावर पसरला, डाव्या हाताने हातोडा राणोजीपुढे सरकवला. सगळ्यांची नजर त्या पंजावर खिळली. सिदोजीची वाट तेवढी मोकळी राहिली.

म्हाताऱ्याने मान वळवली.

“पळ. तिला सांग, दगड विधवा झाला.”