खांद्यावरचा हात

बाजारात पाटील गरजले, "भागूबाई तेलिणीचा घाणा फोडा! ती तेलात धोतऱ्याचं बी घालते, असं अख्खा गाव म्हणतो. एवढी माणसं खोटं बोलतील?"

घाण्यावरच तिचं पोट होतं. लोकांच्या हातात कुऱ्हाडी होत्या. शेजारी गूळ विकणारा मी ढेपा आवरू लागलो.

भागूबाई म्हणाली, "फोडा, पाटील. पण ज्यानं डोळ्यांनी पाहिलं, त्यानं आधी पुढं यावं. ज्यानं नुसतं ऐकलं, त्यानं सांगणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवावा."

पुढं कुणीच आलं नाही. रांग मात्र लांबलचक लागली. सगळ्यात पुढच्या हरबाजीनं बिचकत पाटलांच्याच खांद्यावर हात ठेवला.

पाटील उसळले, "मला तर गावानंच सांगितलं!"

भागूबाई म्हणाली, "मग रांगेतल्या शेवटच्या माणसाचा खांदा धरा, पाटील. गोल पुरा होऊ द्या."

कुऱ्हाडी मुकाट्यानं घरी गेल्या.