शिंगाला शाई

फार पूर्वी बैलांनाही मताचा हक्क होता. तेलघाण्याचा मालक आपल्या बाशिंग्या बैलाला म्हणाला, "आता राज्य तुझं! चाबूक हवा की घुंगूरमाळ? दे मत."

बाशिंग्यानं घुंगूरमाळ निवडून आणली आणि शिंगाला शाई लावून ऐटीत घाण्याभोवती फिरू लागला. दुपारी दम खायला जरा थांबला, तर छुमछुम बंद पडली आणि डुलक्या घेणारा मालक ओरडला, "चल रे!"

"अगं, तू माझी ना?" बाशिंग्यानं माळेला विचारलं.

"तुझीच! म्हणून तर तुझ्या गळ्यात पडले."

"मग घाणा कुणाचा, यावर मत कधी?"

"त्याला चिन्हच नाही."

बाशिंग्यानं तिथंच बसकण मारली. तेल थांबलं. तसा मालक पहिल्यांदाच धावत आला, हात जोडून म्हणाला, "बाशिंगराव, आपलं मत काय?"