एकही पान न तोडता

"पानं कुठं गेली?" धाकू गुरवांनी विचारलं.

डॉक्टरांना प्रश्नच कळला नाही. "कुठली पानं, बाबा?"

"ह्या घरट्याभोवतीची."

म्हाताऱ्याने फोटो हात लांब करून डोळ्यांपासून दूर धरला होता. दोघं देवळाच्या पायरीवर बसले होते. चकचकीत कागदावर हातभर लांबरुंद छापलेला फोटो. त्यात बाणपाखराचा, म्हणजे स्वर्गीय नर्तकाचा नर, पांढराशुभ्र, शेपटीच्या दोन लांब फिती खाली सोडलेला. चोचीत किडा. आणि वाटीएवढ्या घरट्यातून वर आ वासलेली तीन पिल्लं. डॉक्टरांनी फोटोला नाव दिलं होतं, 'संसार'.

"फोटो कसा आलाय ते तरी सांगा," डॉक्टर म्हणाले.

"चांगला आलाय... पानं कुठं गेली?"

डॉ. श्रीरंग जोगळेकर हे चिपळूणचे दातांचे डॉक्टर. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. डॉक्टरांचं भरलं होतं, आणि पोट भरलेल्या माणसाला लागते तशी एक हौसही लागली होती. तीन वर्षांपूर्वी त्यांनी डीएसएलआर कॅमेरा घेतला. दुकानातला सगळ्यात स्वस्त नव्हे, सगळ्यात महागही नव्हे. मधला.

मधल्या कॅमेऱ्याची एक गंमत असते. स्वस्तवाला म्हणतो, आपलं काय, हौस म्हणून. महागवाला काही म्हणतच नाही. मधलावाला मात्र भेटेल त्याला ऐकवतो की फोटो कॅमेरा काढत नसतो, माणूस काढतो. आणि दोन पेशंटांच्या मध्ये मोबाइलवर पुढच्या लेन्सची किंमत बघत बसतो.

डॉक्टरांनी आधी फुलं काढली, मग खाडीवरचे सूर्यास्त काढले, मग मेहुण्याच्या मुलीचं लग्न काढलं. शेवटी पाखरांकडे वळले आणि तासाभराच्या अंतरावरच्या काळकाईच्या राईत येऊन पोचले.

राई देवीची. तिथलं वाळकं लाकूडसुद्धा कुणी चुलीला नेत नाही. झाड पडलं तर पडल्या जागी कुजतं. पायातलं बाहेर काढून आत जायचं आणि आत पान तोडायचं नाही. धाकू गुरव देवीचे पुजारी, आणि राईची राखणही त्यांच्याच घराण्याकडे. वय पंचाहत्तरीच्या पुढचं, पण पाखरू बोललं की मान आपोआप त्या बाजूला वळायची.

पहिल्या दिवशी डॉक्टर चट्ट्यापट्ट्यांचा जंगली शर्ट घालून आले आणि तासभर झाडीत धडपडले. एक पाखरू दिसलं नाही. गुरवांनी त्यांना एका खोडाशी बसवलं. म्हणाले, "पाखरू बगायचं तर आधी त्याचं आपल्याला बगून होऊ द्या."

दुपारपर्यंत समोर सात जातींची पाखरं आली होती. डॉक्टरांनी त्या दिवसापासून गुरवांना गुरू मानलं. दर गुरुपौर्णिमेला नारळ आणि धोतरजोडी आणायचे, वाकून पाया पडायचे. गुरवांचं ते वाक्यही त्यांनी एका फोटोखाली छापून सगळ्यांना पाठवलं. खाली नाव मात्र स्वतःचं घातलं.

आणि आज ते गुरूकडे आले होते ते एका सहीसाठी.

एका मोठ्या छायाचित्र स्पर्धेत 'संसार' पहिला आला होता. फक्त एक कागद राहिला होता. घरट्याच्या फोटोंबद्दल हल्ली फार ओरड होते, म्हणून स्पर्धावाल्यांना त्या जागेच्या राखणदाराचं पत्र हवं होतं. पत्र डॉक्टरांनी घरूनच टाइप करून आणलं होतं: 'सदर छायाचित्र काढताना कोणतीही फांदी अथवा पान तोडलेले नाही, तसेच घरट्यास हात लावलेला नाही.' खाली सहीसाठी रेघ.

सही झाली की पहिला नंबर, मुंबईच्या प्रदर्शनात भिंतीवर फोटो, आणि 'डॉक्टर, तुमचे ते कॅमेऱ्याचे खेळ कसे चाललेत?' असं विचारणाऱ्या मेहुण्याचं तोंड कायमचं बंद. नाही झाली, तर नंबर दुसऱ्याला.

"बाबा, त्याचं असं झालं," डॉक्टर सावरून बसले. "आत किती काळोख असतो तुम्हाला माहीतच आहे. माझी लेन्स पडली मधली, तिला उजेड लागतो. आयएसओ वाढवला की फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे येतात. आणि घरट्यापुढे ही एवढी पानं! फोकस दर वेळी पानावरच जाऊन बसायचा. तीन दिवस नुसती पानं काढली मी. पाखरू मागे धुरकट."

"मग?"

"मग काही नाही... जरा बाजूला केली."

"तोडली?"

"छे छे!" डॉक्टर दुखावले. "तुमचा शिष्य मी. राईतलं पान तोडीन का? एकही पान तोडलं नाही, बाबा. देवीची शपथ."

खरंच सांगत होते. डॉक्टरांच्या स्वभावात खोटं नव्हतं; नुसता हुशारपणा होता, आणि तो पुष्कळ होता.

"मग बाजूला कशी ऱ्हायली?"

डॉक्टरांना हा प्रश्न हवाच होता. युक्ती सांगायला ते केव्हाचे उत्सुक होते.

"बांधली! दात साफ करायचा बारीक दोरा असतो ना, खिशात होता. फांदी अलगद खाली ओढली आणि एका रोपट्याला बांधून टाकली. सापही मेला आणि काठीही मोडली नाही. वरून अस्सा उजेड आला, बाबा! घरट्यावर जसा काही दिवाच लावला. दहा मिनिटांत नर आला, आणि हा फोटो."

"घरटं उघडं दिसायला लागलं म्हणा."

"स्वच्छ!"

"तुमाला."

"हो, मग?"

गुरवांनी फोटो मांडीवर पालथा ठेवला.

"सोडली कधी?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"फांदी."

डॉक्टरांना तो दिवस नीट आठवत होता. खटका दाबला, मागच्या पडद्यावर फोटो पाहिला, मोठा करून पाहिला. नराच्या डोळ्यातला उजेडाचा ठिपकासुद्धा आला होता. कधी एकदा घरी जातो आणि लॅपटॉपवर बघतो असं झालं. कॅमेऱ्याचं तिकाटणं उचललं, पिशवी खांद्याला मारली आणि जवळजवळ पळतच निघाले. गाडीत मोठ्याने गाणं म्हटलेलंही आठवत होतं. फांदी सोडल्याचं आठवत नव्हतं.

"सोडली असेल," ते म्हणाले.

"असेल?"

"...नाही सोडली."

गुरव उठले. "चला."

"बाबा, महिना होऊन गेला. आता तिथे काय..."

"चला."

डॉक्टरांनी बूट काढले. कॅमेरा सवयीने गळ्यात होता, तो तसाच राहिला. म्हातारा पुढे, डॉक्टर मागे. अनवाणी पायांना पाचोळा गार लागत होता.

ओढ्याच्या काठी ती जागा आली. फांदी तशीच होती. वाकून छातीच्या उंचीवर आलेली, रोपट्याला बांधलेली. दोरा पांढरा होता तो मळला होता, पण पक्का होता. वर डोक्याएवढ्या उंचीवर घरटं. उजेडात. दुरूनही दिसेल असं.

रिकामं.

"उडाली असतील," डॉक्टर घाईने म्हणाले. "महिना झाला ना. मोठी होऊन उडाली असतील."

"तुमच्या फोटोत बगा. पंख फुटले हायत काय त्यांना?"

फोटो गुरवांनी सोबत आणला होता. त्यांनी तो पुढे धरला. डॉक्टरांनी हजार वेळा पाहिलेला फोटो. डोळ्यातला ठिपका पाहिला होता, दाणे आहेत का ते पाहिलं होतं, रंग पाहिले होते. पिल्लांचे पंख त्यांनी आज प्रथमच पाहिले. पंख कुठले, नुसत्या निळसर काड्या होत्या, आणि बाकी उघडं अंग.

"नाही..." ते म्हणाले.

"फोटो काढलात तो दिवस मंगळवार. बुधवारी सकाळी मी इकडं आलो. तवा भारद्वाज घरट्यावर बसला होता. दोन संपली होती. तिसरं त्याच्या तोंडात होतं."

"भारद्वाज..." डॉक्टर म्हणाले. "मला निघताना वाटेत दिसला होता तो. शुभ असतो म्हणून मी गाडी थांबवून हात जोडले."

"जोडलात? बरं केलंत," गुरव म्हणाले. "त्यालाबी तुमचा शकुन चांगला झाला."

डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुरव रागावले असते तर बरं वाटलं असतं. चार शिव्या खाल्ल्या असत्या, पायावर डोकं ठेवलं असतं, आणि माणूस मोकळा झाला असता. पण म्हातारा हवापाण्याचं बोलावं तसा बोलत होता.

"दोन दिस नर किडे घेऊन येत होता. काठावर बसायचा. वाट बगायचा. परत घेऊन जायचा."

"तुम्ही... तुम्ही मला कळवलं का नाही?"

"कळवून काय? तुमी फोटो पुसला असता?"

पुसला नसता, हे डॉक्टरांना ठाऊक होतं.

ते म्हणाले, "निदान फांदी तरी तुम्ही सोडायची."

"राईची तशी रीत नाय. इथं ज्यानं बांधलं त्यानं सोडायचं."

डॉक्टर पुढे झाले. गाठ त्यांनी घातली होती ती डॉक्टरी, हिरडी शिवताना घालतात तशी. मेणाचा दोरा महिनाभरात घट्ट बसला होता. नखं लावून पाहिली, नख मोडलं. खिशातली किल्ली घालून पाहिली. घाम आला. कॅमेरा मध्ये लोंबकळत फांदीवर आपटत होता, तो त्यांनी चिडून पाठीवर फिरवला. शेवटी वाकले आणि ज्या दातांच्या जिवावर घर बांधलं, कॅमेरा घेतला, त्या दातांनीच दोरा कुरतडायला लागले.

दोरा तुटला.

फांदी सपकन वर गेली. क्षणभर हलली आणि आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

डॉक्टरांनी वर पाहिलं. घरटं दिसेना. दोन पावलं डावीकडे गेले, दोन उजवीकडे. टाचा उंच केल्या. हात लांब केला तर बोट लागेल एवढ्यावर घरटं होतं, आणि नुसती पानं दिसत होती.

"असं होतं ते," गुरव म्हणाले.

ओढ्याचं पाणी आटत आलं होतं, तरी कुठेतरी ठिबकत होतं. वरच्या झाडावर एक पाखरू बोललं. गुरवांची मान वळली. डॉक्टरांचीही वळली, आणि हात सवयीने पाठीवरच्या कॅमेऱ्याकडे गेला. मध्येच थांबला.

"कागद द्या," गुरव म्हणाले.

"कुठला कागद?"

"सहीचा."

"नको बाबा!" डॉक्टर कळवळले. "मी कळवतो त्यांना. नको मला तो नंबर."

"नको का? लिवलंय काय त्यात ते वाचा."

डॉक्टरांनी खिशातून कागद काढला. उलगडून वाचला. "कोणतीही फांदी अथवा पान तोडलेले नाही... घरट्यास हात लावलेला नाही."

"तोडलं काय पान?"

"...नाही."

"घरट्याला हात लावलात?"

"नाही."

"मग खरंच हाय की. खऱ्याखाली सही करायला मला कसली हरकत?"

त्यांनी डॉक्टरांच्या खिशाला लावलेलं पेन आपणच काढून घेतलं. कागद झाडाच्या खोडावर टेकवला आणि एकेक अक्षर सावकाश काढत, शाळेत शिकवलं होतं तसं, 'धाकू बाळू गुरव' असं लिहिलं. अक्षरांवरची रेघ थोडी वाकडी आली. कागदाची त्यांनी नीट चौघडी घातली आणि डॉक्टरांच्या हातात दिली.

डॉक्टर तो हातात धरून उभे. फाडावा तर गुरूची सही. ठेवावा तर...

"बाबा, काहीतरी बोला," ते म्हणाले. डोळे भरून आले होते. "प्रायश्चित्त सांगा. देवीला काय हवं ते सांगा. काहीही."

धाकू गुरवांनी हातातला फोटो उपरण्याच्या टोकाने पुसला. दवाचा की घामाचा, एक डाग होता तो गेला. तीन चोची अजून आ वासून होत्या. म्हाताऱ्याने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि फोटो दोन्ही हातांनी डॉक्टरांपुढे धरला.

"जपून न्या, डॉक्टर," ते म्हणाले. "आता त्यांना ऱ्हायला तेवढीच जागा हाय."