उधाण्या बोक्याचं तारू

माणसाने अजून होडी बांधली नव्हती, त्या काळी खाडीत प्राण्यांची तारवं फिरत. त्यातलं एक होतं उधाण्या बोक्याचं. पोकळ ओंडक्याचं तारू, चार मुंगसं खलाशी आणि उधाण्या या लुटारू चाच्यांचा नायक. सगळ्या खाडीने आपल्या नावाने थरथरावं, हीच त्याची इच्छा.

एके दिवशी त्याने मगरीच्या बेटावरचे मासे लुटायचं ठरवलं. सुकाणू धरणारा म्हातारा कान्हू मुंगूस म्हणाला, "नायक, ओहोटी लागलीय. तारू गाळात रुतेल."

"रुतलं तर ढकलू!" म्हणत उधाण्या निघालाच.

मासे भरपूर मिळाले, पण परतताना तारू खरंच रुतलं. मागून मगर आली आणि तिच्या शेपटीच्या फटक्याने कान्हू पाण्यात फेकला गेला.

"नायक, आधी माल वाचवा!" बाकीचे ओरडले.

"मासे उद्याही मिळतील. कान्हू कुठून आणू?" असं म्हणत उधाण्याने सगळी लूट मगरीपुढे लोटली आणि जन्मभर पाण्याला घाबरणाऱ्या त्या बोक्याने उडी घेतली. मगर माशांवर तुटून पडली, तेवढ्यात त्याने कान्हूला मानगुटीला धरून ओढून आणलं. हलकं झालेलं तारू सर्वांनी ढकलताच सुटलं.

किनाऱ्यावर उधाण्या मान खाली घालून म्हणाला, "चूक माझी होती. ज्याला सोडून जायचंय, त्याने खुशाल जावं."

कोणीच हललं नाही. कान्हू अंग झाडत उठला आणि सुकाणूपाशी जाऊन बसला.

"उद्या सकाळी भरती आहे," तो म्हणाला. "कुठे जायचं तेवढं सांगा."