गव्याला झाकण

डोंगराला टेकलेल्या एका गावात गेणू नावाचा एक भोळा रखवालदार होता. शहाण्या लोकांनी तिथली झाडं तोडून चार इमारती बांधल्या, वसाहतीला 'वनश्री' नाव दिलं आणि फाटकावर गेणूला बसवलं. फाटकाजवळच्या खोलीत तो आणि त्याची बायको हौसा राहत.

सेक्रेटरी पेठकरसाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "कोणी आलं की नमस्कार करायचा. पाणी विचारायचं. लिफ्टपर्यंत पोचवायचं."

"बरं साहेब."

दुसऱ्या दिवशी सात वानरं आली. गेणूने नमस्कार केला. पाणी दिलं. लिफ्टमध्ये घालून चौथ्या मजल्याचं बटण दाबलं. तिथे पेठकरांकडे सत्यनारायणाचा प्रसाद चालला होता.

पेठकर फाटक्या सदऱ्यानिशी खाली आले. "अरे बैला! जनावर दिसलं की डबा बडवायचा, आरडाओरडा करायचा!"

"बरं साहेब. हे आधी सांगायचं."

आठवड्याने पाण्याच्या टाकीला आग्या मोहोळ लागलं. गेणू शिडी लावून वर चढला आणि मोहोळाला खेटून डबा बडवला.

सगळी वसाहत सुजली. पेठकरांचा एक डोळा मिटला. दुसऱ्याने गेणूकडे बघत ते म्हणाले, "गाढवा, अशा वेळी घोंगडी पांघरून पालथं पडायचं. हूं की चूं करायचं नाही!"

"बरं साहेब."

मग भर दुपारी फाटकातून धामण आली. गेणू घोंगडी पांघरून पालथा पडला. धामण त्याच्या पाठीवरून गेली आणि पेठकरांच्या स्कूटरमध्ये शिरली. संध्याकाळी स्कूटर कुंपणात गेली. पेठकर गटारात गेले.

सर्पमित्र दिलावरने धामण बाहेर काढली. "बिनविषारी आहे," तो म्हणाला. पेठकरांकडे बघून त्याला हसू आवरेना.

"ऐक ठोंब्या," पेठकर गरजले. "जनावर दिसलं की जागीच कोंडायचं. वर झाकण, झाकणाला दगड. दिलावरला फोन करायचा. तो येईपर्यंत उघडायचं नाही. मी म्हटलं तरी नाही! आता चुकलास तर खोली रिकामी कर."

हौसा घाबरली. "आवं, आता सांगितलंय तेवढंच करा. नाहीतर ऱ्हायचं कुठं?"

रविवारी सकाळी वाट चुकून गवा आला. चार म्हशींएवढा. त्याने आवारात एक चक्कर मारली, कोणाला शिंगही लावलं नाही, आणि डोंगर दिसताच फाटकाकडे परत निघाला. शहाणे लोक फोटो काढायला खाली उतरले. पेठकर सगळ्यांच्या पुढे.

गवा फाटकापासून दहा पावलांवर आला. गेणूने विचार केला. एवढं झाकण कुठून आणायचं? मग तो बाहेर गेला, गव्याच्या तोंडावर फाटक लावलं, कुलूप घातलं, दोन दगड टेकवले आणि दिलावरला फोन केला.

गवा बिथरला. मागे वळला. शहाणे जिन्यांत पळाले. पेठकर मागे राहिले.

ते धावले. चढायला झाड शोधलं. झाडं तोडली होती.

"गेण्या! फाटक उघड!"

"नाही साहेब."

"अरे, मी सांगतोय!"

"तुम्ही म्हटलं तरी नाही, असं तुम्हीच म्हणालात. खोलीचा प्रश्न आहे, साहेब."

दिलावर काठी आणि कापडी पिशवी घेऊन आला. "कुठाय साप?"

"साप नाही, गवा आहे," गेणू म्हणाला. "तिसरी फेरी चाललीय. पुढे पळतायत ते आमचे साहेब. तेवढं त्यांना पिशवीत घालू नका."