तिवरबंदरच्या राणीचे डोहाळे

एक होता राजा. राजा म्हटलं की राणी आलीच, तेव्हा गप्प ऐका आणि पाय पांघरुणात घ्या.

राजाचं नाव रणधवल. त्याचं राज्य वर घाटावर, डोंगरांत. राणी सगुणा मात्र खालची, तिवरबंदरची. तिवरबंदर फार जुनं गाव, बरं का. नदी समुद्राला मिळते ना, तिथल्या खाडीवरचं. तोंडाशी किल्ला, धक्क्याला देशोदेशीची गलबतं, आणि काठाने तिवरांचं हिरवंगार रान. राणीचा बाप तिथलाच तांडेल, होड्या हाकणारा.

मग काय झालं, राणीला दिवस गेले. पहिलटकरीण ती! पहिलं बाळंतपण माहेरी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण राजा म्हणाला, "माझ्या वाड्यात काय कमी आहे? राणी कुठे जायची नाही." हट्टी मेला! राणी राहिली खरी. पण तिचं जेवण तुटलं. खाल्लेला घास पोटात ठरेना. सातवा महिना लागला तरी गालांची हाडं वर आलेली. राजा घाबरला. म्हणाला, "डोहाळे तरी सांग गं. काय हवं ते आणतो."

राणी म्हणाली, "मला पाणी हवं. नदीचं नको, समुद्राचं नको. दोन्हींच्या मधलं हवं."

हात्तिच्या, एवढंच? राजाने नदीचं पाणी आणवलं, त्यात मीठ ढवळलं. राणीने वास घेतला आणि पेला खाली ठेवला. मग समुद्रावर स्वार धाडले, खारं पाणी आणवलं, त्यात गूळ घातला. शी! राणीला उलटीच झाली. मग राजा स्वतः बसला. एक घडा नदीचा, एक समुद्राचा. दिवसभर आपला ओततोय, चाखतोय, थुंकतोय. हसताय काय? त्याच्या जिवाला घोर लागला होता. राणीने तो तिसरा पेला हातात घेतला आणि ढसाढसा रडायलाच लागली.

तिथे भागू सुईण होती. म्हातारी फटकळ, अगदी माझ्यासारखी. ती म्हणाली, "महाराज, खाडी कधी पेल्यात मावते का? पोरीला तिच्या आईकडे न्या. नाहीतर दोन्ही जिवांची मला आशा नाही."

राजाचा चेहरा पडला. पण उठला बिचारा. "माझंच चुकलं," म्हणाला आणि मेणा मागवला. मग घाट उतरले, नदीत होडीत बसले. जरा पुढे गेले तर चिखलाचा वास आला. राजाने नाक धरलं. राणी म्हणाली, "मला भूक लागली." आणखी पुढे गेले, तर तिवरांच्या मुळांत ऊद दिसले. ऊद म्हणजे पाणमांजरं गं, पिल्लांना पोहायला शिकवत होती. राणी खुदकन हसली. मग वळण आलं, किल्ला दिसला, आणि धक्क्यावर तिची आई पदर खोचून उभी! राणीने होडीतूनच हाक मारली, "आये, तिसऱ्या हायेत का गो?"

आईने तिसऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचं, सुकं केलं, गरम भाकऱ्या थापल्या. राणी धक्क्याच्या पायरीवरच जेवायला बसली. चार भाकऱ्या खाल्ल्या तिने, चार! आणि राजा आपला खाडीचं पाणी ओंजळीत घेऊन समोर उभा. "अगं, घे ना. हेच हवं होतं ना तुला?"

राणी म्हणाली, "इश्श! खाडीचं पाणी कुणी पितं का? यात पाय सोडून बसायचं असतं."

मग राजाने जोडे काढले आणि तिच्या शेजारी पाय सोडून बसला. सासूने त्याच्याही हातावर भाकरी ठेवली. दोन महिन्यांनी गुटगुटीत मुलगी झाली. राजा तिथेच राहिला, बाळाची दुपटीसुद्धा वाळत घालायचा म्हणे. सगळी सुखात नांदली.

संपलं हो. आता मिटा डोळे. आणि कोण ते अजून फिदीफिदी हसतंय? झोपा म्हणते ना!