भिवाच्या अंगणातल्या टिटव्या

एकदा एका शिष्याच्या शेजारी टिटव्या राहायला आल्या. माणसाने पोपट पाळावा, मैना पाळावी, फार तर कबुतरे पाळावीत. टिटवी पाळल्याचे कुणी ऐकले नव्हते. टिटवी नदीकाठच्या उघड्या वाळूत अंडी घालते, जरा चाहूल लागली की आकांत मांडते, आणि तिचा आवाज घरावरून गेला की घरातले एक माणूस कमी होते अशी लोकांची पक्की समजूत. लोक तिची थट्टाही पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. आभाळ कोसळले तर झेलता यावे म्हणून ही म्हणे पाय वर करून झोपते.

शेजाऱ्याचे नाव भिवा. नदीच्या पात्रात कलिंगडाची वाडी करणारा तो एकटा माणूस. अवकाळी पाण्याच्या लोंढ्यात घरटे वाहून जाताना पाहिले तेव्हा त्याने दोन पिले टोपलीत घालून घरी आणली. पिले मोठी झाली, पण उडून गेली नाहीत. भिवाचे आणि शिष्याचे अशी दोनच घरे गावाच्या त्या टोकाला होती, आणि त्यांच्या मधून एक पायवाट दरड उतरून थेट नदीवर जात असे. त्या वाटेवर शेळी आली, मुंगूस आले, की दोघी टिटव्या असा गलका करत की तो चावडीपर्यंत ऐकू जाई.

शिष्य उशिरा विद्येकडे वळलेला होता. वडील गेल्यावर घरची जबाबदारी पार पाडता पाडता त्याचे वय वाढले, आणि शेवटी आईनेच त्याला आचार्यांकडे धाडले. तो उजाडता पाठशाळेत जाई आणि दुपारी परत येई. आई तोवर ओट्यावर बसून असे. तिची स्मृती अलीकडे विरत चालली होती. नवऱ्याचे नाव तिला आठवत नसे, पण नदीपलीकडचे माहेर मात्र लख्ख आठवे. दुपारी शिष्य तिला जेवू घाली तेव्हा कधीकधी तिच्या पायांना ओली वाळू लागलेली दिसे. तो पाय धुऊन देई आणि पोथी उघडून बसे. वाळू कुठून आली, हे विचारावे असे त्याला कधी वाटले नाही.

त्या वर्षी आईला ताप आला आणि नेमक्या त्याच दिवसांत टिटव्यांचा आरडाओरडा वाढला. विचारपूस करायला आलेल्या बायका भिवाच्या अंगणाच्या काटक्यांच्या कुडापलीकडे पाहून एकमेकींना खुणा करू लागल्या. शिष्य घाबरला. जगात त्याला आईवाचून कुणी नव्हते. ताप उतरला, पण भीती उतरली नाही. त्याने आचार्यांकडे जाऊन या अपशकुनावर एखादी शांती सांगण्याची विनंती केली. आचार्यांनी त्याचे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, त्या ओरडतात कशाला, हे भिवाला विचारलेस का? शिष्य म्हणाला की त्यात विचारायचे काय, त्यांना मरण दिसते हे सारे जग जाणते. आचार्य म्हणाले, आधी विचार आणि मग माझ्याकडे ये.

तो कुडापर्यंत गेला खरा. भिवा अंगणात बसून टोपली विणत होता. पण त्याच्या समोर पोत्यावर बसायचे आणि पाखरांबद्दल प्रश्न करायचा, हे शिष्याच्या जिवावर आले. शहाण्या माणसालाही हा रोग असतो. उत्तर आपल्याजवळ आहे असे वाटले की प्रश्न जिभेवर येत नाही. तो तसाच मागे फिरला आणि पंचांकडे गेला. पंचांनाही त्या आवाजाचा वीट आलाच होता. त्यांनी भिवाला बोलावून टिटव्या सोडून द्यायला सांगितले.

भिवाने दोन्ही हात जोडले. काहीतरी सांगायला त्याने तोंड उघडले, शिष्याकडे पाहिले आणि पुन्हा मिटले. दुसऱ्या दिवशी त्याने दोघींना टोपलीत घातले, वर फडके बांधले आणि नदीपार नेऊन सोडले.

मग शांतता झाली. शिष्याचे पाठांतर भराभर होऊ लागले. आचार्यांनी एकदा विचारले की भिवाला विचारलेस का, तेव्हा तो मोकळेपणाने म्हणाला की आता त्याची गरजच उरली नाही.

थोड्याच दिवसांत तो दुपारी घरी आला तेव्हा ओटा रिकामा होता. त्याने घर धुंडाळले, परडे पाहिले, आईला हाका मारल्या. त्या हाका ऐकून खालच्या वाडीतून भिवा दरड चढून आला, पायवाटेवरची पावले त्याने पाहिली आणि पाण्याकडे धावत सुटला. आई डोहात सापडली, पलीकडच्या काठाच्या बाजूला. जवळजवळ माहेरी पोहोचलीच होती बिचारी.

दुसऱ्या दिवशी आचार्य समाचाराला आले. गाव शिष्याच्या ओट्यावर जमले होते. आचार्यांना येताना पाहून लोकांनी वाट केली. आचार्य मात्र शिष्याच्या दारावरून पुढे गेले आणि भिवाच्या अंगणात शिरले. टिटव्यांच्या रिकाम्या खुराड्याशी भिवा बसला होता. त्याच्याजवळ आचार्य जमिनीवर बसले आणि त्याचे हात हातात घेतले. ओट्यावर कुजबुज सुरू झाली. ज्याच्या घरी सुतक त्याला डावलून शेजाऱ्याचे सांत्वन करावे, हा कुठला रिवाज? शिष्याला दुःखातही अपमान डसला. तो उठून कुडापाशी गेला.

"गुरुजी," तो म्हणाला, "आई माझी गेली."

"म्हणून तर आधी इथे आलो," आचार्य म्हणाले. "तू विचारायचा प्रश्न काल स्मशानात मी भिवाला विचारला. भिवा, मला सांगितलेस ते आता याला सांग."

भिवाने मान वर केली नाही. "टिटव्या वरडल्या की मी दर बारीला वाडीतनं वर येऊन बगायचो. लई बारी शेळी असायची. कवा कवा तुमची आय, आक्का असायची, पार पाण्यापातूर गेलेली. म्हायेरची बैलगाडी उद्या यायची हाय, आज घरी चला, असं म्हनलं की गुमान माघारी फिरायची. ओट्यावर बसवून मी जायाचो."

"आणि मला कधी सांगितलं नाहीस?" शिष्याने विचारले.

"तिनंच शपत घातली व्हती. कवातरी शुद्धीवर असायची न्हवं. म्हनली, पोराला कळलं तर त्यो शिकायचं सोडून माझ्यापाशी बसंल. टिटव्या गेल्यावर डोळ्यानं राखत व्हतो, दादा. पर वाडीतनं वर बगाया दरड आडवी येती."

शिष्याने कुडाचा खांब घट्ट धरला. तो रडला नाही, त्याला रडताही येईना.

आचार्य उठले आणि त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. ते म्हणाले, "मलाही यातले काही ठाऊक नव्हते. कोणताही जीव उगाच कंठ फोडत नाही, एवढेच ठाऊक होते. तू विचारशील असे धरून मी स्वस्थ बसलो, तेवढा दोष माझा. आभाळ झेलायला टिटवी पाय वर करून झोपते म्हणून आपण तिला हसतो. पण तुझ्या डोक्यावरचे आभाळ इतके दिवस कोणी झेलून धरले होते ते आता पाहा. आपल्याला त्रास होतो तो आवाज बंद करणे सोपे असते. तो कशासाठी उठतो आहे हे विचारायला मात्र शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन बसावे लागते."

शिष्याने कुडाचा खांब सोडला. तो कूड ओलांडून आत आला आणि भिवासमोरच्या पोत्यावर बसला. आईला घरी परत आणताना वाटेत तिच्याशी काय बोलायचास, असे त्याने भिवाला विचारले. भिवा आठवून आठवून सांगत राहिला.

सुतक फिटल्यावर एका संध्याकाळी नदीपलीकडून टिटवीचा आवाज आला. गावातल्या बायकांनी पोरांना आत घेतले आणि दारे लावली. शिष्याने पोथी मिटली आणि तो पायवाट उतरून पाण्यापाशी गेला. भिवा तिथे आधीच येऊन उभा होता. दोघांनी दोन्ही काठ निरखून पाहिले. कुणी नव्हते. तरीही अंधार पडेपर्यंत दोघे तिथेच थांबले.

अजूनही टिटवी ओरडली की त्या गावातली सगळी दारे लागतात, आणि टोकाची दोन दारे तेवढी उघडतात.